कांडी

भूमी अभिलेखच्या त्या लांबड्या हॉलात
हेडाऊ साहेब अगदी शेवटच्या टेबलाशी बसायचे,
जिथून कोर्टाची चिंच दिसायची.
साडेदहाला
चिनीमातीच्या बशीत पाण्याचे चार थेंब,
मग काळी कांडी गोल, गोल,
इतकी हळू की डोक्यावरचा पंखाही घाईत वाटावा.
मी नवा ट्रेसर. माझ्याजवळ बाटली होती,
सही केली की स्टोअरमधून मिळायची.
"कायले घाई करून राह्यला बे?
सीमेची रेघ आहे थे. उद्या कोर्टात उभी राहीन."

कांडीवर सोनेरी अक्षरं, अर्धी झिजलेली, चिनी.
आमच्यात कोणालाच वाचता येत नव्हती.
माझ्या बाटलीवर छापलेलं, इंडियन इंक.
साहेब दोन्हींना काजळीच म्हणत.

डबा खाताना त्यांनीच सांगितलं,
तिकडे म्हणे देवदाराच्या जातीची चिकाळ लाकडं जाळत,
बांबूचा बोगदा, वरून कागद लिंपलेला,
तोंडाशी आग, आणि धूर आत चालत जायचा.
आगीजवळ बसली ती काजळी जाडी, छापखान्याची.
टोकाला पोचली ती
कबुतराच्या पोटाखालच्या पिसासारखी,
ती लिहिणाऱ्याची.
मग स्वतःच्या टेबलाकडे बघून हसले.

एका मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला टेकला.
ड्रॉवर उघडला तर कांडीचे पाच तुकडे.
त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

थंडी पडली तशा तांडापेठेत, घरामागच्या पडवीत,
जवसाच्या तेलाच्या एकवीस पणत्या,
प्रत्येकीवर उपडं मडकं.
वात मोठी झाली की काजळी जाडी होते,
म्हणून रात्रभर वाती खुडायच्या,
कोंबडीच्या पिसानं झाडायचं,
श्वास आवरायचा.
पहाटे एक वाटी भरली. वजन काहीच नाही.

आत शेवंताबाई चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होत्या.
"एका घरात दोन कांड्या," त्या म्हणाल्या,
"माही पांढरी, पोटाले लागते.
थे काळी कोणाले लागते?"

सरस आणला मोमिनपुऱ्यापलीकडून,
कातडी उकळून केलेला. शेजाऱ्यांनी खिडक्या लावल्या.
त्यात चिमूटभर कापूर.
किती वेळा लिहिला असेल मी हा शब्द, सरस,
चांगलं म्हणायला.
चामड्याचा वास असतो त्याला, हे त्या रात्री कळलं.

कुटताना साहेब मोठ्यानं मोजायचे,
सातशेच्या पुढं कुठंतरी चुकायचे,
परत एकपासून.
गोळा आधी भुरका, मग मऊ,
मग त्यात बत्तीचा दिवा दिसायला लागला.

साचा सागवानी. त्यात काय कोरायचं, याला आठ दिवस.
देवाचं नाव नको. स्वतःचं तर नकोच.
शेवटी कोरलं ते नकाशाच्या कोपऱ्यात असतं ते,
एक बाण, आणि त्याच्यावर उ.

धानाच्या कोंड्याच्या राखेत नऊ कांड्या पुरल्या.
राख रोज बदलायची.
संक्रांतीपर्यंत दोन चिरल्या, होळीपर्यंत चार.
एक उंदरांनी खाल्ली, सरसापायी.

उरलेल्या दोनांतली एक त्यांनी उगाळली
ती एकाच शीटसाठी, नाल्याच्या काठाची.
आता तिथं मंगल कार्यालयाचं लॉन आहे.
मागच्या वर्षी गोदामात ते कापड सापडलं.
माझ्या बाटलीच्या रेघांचे पापुद्रे निघालेत.
नाला तसाच वाहतोय, काळा,
जिथं लोक आता जेवायला बसतात.

दुसरी कांडी शेवंताबाईंनी दिली,
साहेबांच्या तेराव्याला, हातात न देता
माझ्या स्कूटरच्या डिकीत ठेवली.
घरी येऊन पाहिली तर
तिच्यावर पांढरं सूत गुंडाळलेलं,
एक पदर सुटा नाही,
तडकू नये म्हणून.